तिच्या आईनं लावलेलं लग्न

लॉकडाऊनमध्ये आमच्या प्रज्ञाचं लग्न अंबरनाथला हॉलमध्ये झालं. म्हणजे आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये... सोफा शेजारच्यांकडे, टीव्ही बेडरूममध्ये, आणि मध्ये नवरानवरी.

माझं काम साउंडचं. कुणाकडे शिकलो नाही, उल्हासनगरच्या मार्केटमधून जळके अँप्लिफायर आणून उघडून उघडून शिकलो. लोकांच्या लग्नात माइकनं कधी शिट्टी मारलेली मी खपवून घेतली नाही, मग लेकीच्या लग्नात कशी खपवणार?

दोन दिवस आधीच तयारी केली होती. फरशीवर खडूनं खुर्च्यांच्या जागा आखल्या. सॅनिटायझरची बाटली मेणबत्त्यांपासून लांब, थेट चपलांच्या स्टँडवर ठेवली... ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, पण यायला पाहिजे.

अडचण एकच होती. लग्न लावणारे बौद्धाचार्य म्हणजे माझाच मेहुणा, माझ्या बायकोचा, सुजाताचा धाकटा भाऊ. आणि तो उल्हासनगरला स्वतःच्या घरात पॉझिटिव्ह होऊन पडलेला!

त्यावरही मी उपाय काढला. व्हिडिओ कॉल लावायचा, मोबाइल अँप्लिफायरला जोडायचा, त्यानं तिकडून म्हणायचं आणि आपण इकडे मागून म्हणायचं. आदल्या दिवशी टेस्ट घेतली, आवाज एकदम क्लिअर.

बदलापूरहून, बेलवलीतून, व्याही-विहीण, जावई आणि दोन पाहुणे आले. सगळे पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या मास्कमध्ये. बुद्धांच्या मूर्तीसमोर मेणबत्त्या लावल्या, फुलं वाहिली, आणि मी कॉल जोडला.

त्रिशरण सुरू झालं. दुसऱ्या ओळीलाच मेहुण्याला खोकला लागला... आणि तो थांबेचना. माझ्या चांगल्या स्पीकरमधून तो खोकला असा काही घुमला की सगळ्यांनी आपापले मास्क वर ओढले.

मग स्क्रीनवर त्याची बायको आली. "दादा, यांना नाही बोलवत आता. दम लागतोय."

व्याह्यांनी घड्याळाकडे बघितलं. माणूस सरळ, पण पद्धतीचा पक्का. म्हणाले, "मग पुढं ढकलू या का? लग्न बौद्धाचार्यांनीच लावायला पाहिजे. उद्या लोक बोलतील."

प्रज्ञाचा चेहरा उतरला. तारीख आधीच दोनदा पुढे गेली होती आणि जावयाला परत सुट्टी कधी मिळेल, ते कंपनीलाच ठाऊक. माझी वायर, माझा स्पीकर सगळं बरोबर चालू होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा उपयोग शून्य.

तेवढ्यात मेहुणा परत स्क्रीनवर आला. थांबत थांबत म्हणाला, "ताई कुठाय? ताईला लावू द्या."

सुजाता किचनमध्ये खीर ढवळत होती. गॅस बंद करून, पदराला हात पुसत बाहेर आली. "काहीतरीच काय! मी नवरीची आई आहे. आई कुठं लग्न लावते का?"

"अगं, माझ्याकडून हे सगळं कोणी पाठ करून घेतलं? चुकलो की कान कोण पिरगाळायचं?" तो एवढं बोलला आणि पुन्हा खोकायला लागला.

मी व्याह्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "तसं नाही वहिनी, पण लोक..."

विहीणबाई पहिल्यांदाच बोलल्या. "लोक आहेत कुठं? आपण पाच, हे तिघं. बोलायला तरी लोक पाहिजेत ना!"

प्रज्ञा हसली. "मम्मी, लाव ना गं. घामानं मेकअप चाललाय सगळा."

व्याह्यांनी एकदा मूर्तीकडे बघितलं, एकदा सुनेकडे... आणि मान हलवली.

सुजातानं पदर सारखा केला, मास्क नीट केला आणि सुरुवात केली. मी पुस्तक पुढं धरलं, तिनं हातानंच बाजूला सारलं. एका ठिकाणी अडली नाही. दोघांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेताना अमोल, म्हणजे आमचे जावई, घाईत एक शब्द गिळून गेले. तिनं तिथंच थांबवलं. "परत म्हणा. सावकाश." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मीसुद्धा हेच केलं असतं.

तिला माइक द्यावा म्हणून मी वायर सोडवत होतो... मग अँप्लिफायरच बंद केला. तो आवाज मोठा करायची काहीच गरज नव्हती.

शेवटच्या गाथेला आम्ही फुलं टाकली आणि "साधू, साधू, साधू" म्हणालो. आणि तेच बाहेरूनही ऐकू आलं! दार उघडून बघतो तर पॅसेजमध्ये, जिन्यात, वरच्या मजल्यावर लोक आपापल्या दारात हात जोडून उभे. उंबरा कुणी ओलांडला नव्हता, पण लग्नाला सगळे हजर होते.

निघताना व्याही सुजातापुढं येऊन थांबले. "वहिनी, आमच्या धाकटीचं पण तुम्हीच लावायचं."

"आधी मुलगा तर बघा," ती म्हणाली, आणि मग लेकीला धरून रडली ती रडलीच.

पाठवणीला सगळे नवरीकडे बघतात. मी त्या दिवशी बायकोकडे बघत होतो. पिवळ्या बल्बच्या उजेडात, खिरीचा डाग पडलेल्या पांढऱ्या साडीत... काय रुबाब होता तिचा!

मेहुणा पुढं ठणठणीत बरा झाला, आता पुन्हा लग्नं लावतो. पण आमच्या लेकीचं लग्न कुणी लावलं, हे कुणी विचारायची मी वाटच बघत नाही. आपण होऊन सांगतो. तिच्या आईनं.