रिकामी टोपली फोटोत नको

नाशिकच्या मेन रोडचा जुना फोटो कुणी पुढे केला की बघणारे आधी दुकानांचे बोर्ड वाचतात. अरे, इथे ते घड्याळवाले होते, त्याच्या शेजारी छत्र्या दुरुस्त करणारा, वगैरे. मग स्कूटरी ओळखतात आणि शेवटी सुस्कारा सोडतात. मी मात्र फोटोचा खालचा डावा कोपरा बघते. तिथे विजेचा खांब असला तर खांबाच्या बुडाशी नीट बघते. तिथे माझी आई फुलं घेऊन बसायची.

आमचं शेत मखमलाबादच्या पुढे, विहिरीवरचं, थोडकंच. त्यात झेंडू, शेवंती आणि कडेकडेने मेथी-कोथिंबीर. वडील पिकवायचे आणि आई विकायची. सकाळच्या पहिल्या सिटी बसने ती टोपली घेऊन यायची. कंडक्टर रोज कुरकुरायचा आणि रोज एक शेवंतीचं फूल तिकिटांच्या पेटीला खोचून गप्प बसायचा. एका कापडदुकानासमोरच्या खांबाशी तिची जागा होती. खाली गोणपाट, त्यावर बांबूची टोपली, हातात दाभण आणि सुतळी. दुकानाच्या शेठना तिचा त्रास नव्हता. उलट सकाळी शटर उघडल्यावर पहिला हार ते तिच्याकडूनच घ्यायचे.

जुने दिवस फार चांगले होते असं मी म्हणणार नाही. त्या रस्त्यावर दिवसभर बसणाऱ्या बाईला जायला जागा नव्हती, म्हणून आई दुपारपर्यंत पाणीच प्यायची नाही. फोटोत हे येत नाही. फोटोत सगळं छान दिसतं.

त्या रस्त्यावर दसऱ्याला फोटो काढायची पद्धत होती. दुकानात पूजा व्हायची. गल्ला, कात्री, मोजायची लोखंडी पट्टी, सगळ्यांना हळद-कुंकू. दाराला झेंडूचं तोरण, त्यात आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्या. लोंब्या सुरगाण्याकडच्या बायका आणायच्या आणि आई त्यांच्याकडून घ्यायची. पूजा आटोपली की फोटोग्राफर यायचा. शेठ, शेठाणी, मुलं, नोकरमाणसं सगळी दुकानाच्या पायऱ्यांवर उभी राहायची आणि फोटोग्राफर रस्त्याच्या पलीकडे जाऊन वाहनांना हात दाखवत एक फोटो काढायचा. तो फोटो फ्रेम होऊन दुकानाच्या जिन्यात लागायचा. वरच्या मजल्यावर साड्या होत्या, त्यामुळे साडी घ्यायला जाणारी प्रत्येक बाई शेठच्या कुटुंबाची वाढ पायरीपायरीने बघत वर जायची.

या फोटोंपैकी एकातही आई नसायची, आणि तिला कुणी हाकललं म्हणून नव्हे. दसऱ्याच्या दिवशी दुकानासमोर रिकामी टोपली दिसू नये, असं त्या रस्त्यावर सगळे मानायचे आणि आई सगळ्यांत जास्त मानायची. दसऱ्याला तिची फुलं बारा वाजायच्या आत संपायची. फोटोग्राफर दिसला की ती स्वतःच उठायची, रिकामी टोपली उचलायची, गोणपाट गुंडाळायची आणि बोळात जाऊन उभी राहायची. शेठाणी म्हणायच्या, "अहो मावशी, तुम्ही राहा ना, टोपली तेवढी सरकवा." आई म्हणायची, "नको बाई, रिकामी टोपली न् मी, दोघी संगंच बऱ्या." वर्षभर त्या खांबाशी बसलेली बाई वर्षाच्या एकुलत्या एका फोटोच्या वेळी बोळात असायची. मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरंच वाटायचं.

कारण मला आईची लाज वाटायची. हे एकदा सरळ सांगून टाकते, आडवळणं घेण्यात अर्थ नाही. मी गंगापूर रोडच्या शाळेत होते. वर्गातल्या मुलींचे वडील बँकेत, कोर्टात, कुणाचे नोटांच्या प्रेसमध्ये. "तुझी आई काय करते?" असं विचारलं की मी "घरीच असते" म्हणायचे. दसऱ्याला मात्र आई मला सोबत न्यायची, कारण सणाच्या दिवशी घरी एकटं ठेवायचं नाही असं तिचं होतं. मी नवा फ्रॉक घालून जायचे आणि तिच्यापासून चार पावलं लांब, दुकानाच्या पायरीवर बसायचे. कुणी बघितलं तर आम्ही कापड घ्यायला आलोय असं वाटावं, अशा बेताने.

सहावीत असताना दसऱ्याला भलतंच झालं. त्या वर्षी झेंडू सगळीकडेच उदंड आला होता. सकाळपासून टेम्पोमागून टेम्पो येऊन रविवार कारंजापासून रस्ता नारिंगी झाला होता. घेणाऱ्यांपेक्षा विकणारेच जास्त. आईची टोपली बारा वाजले तरी भरलेली, एक वाजला तरी भरलेली. तिचा आवाज बसला. मग तिने ओरडणं सोडलं आणि खाली मान घालून हार ओवत राहिली. विकले जाणार नाहीत हे तिला दिसत होतं, पण हात थांबत नव्हते.

तेवढ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर समोरून आली. मी पायरीवरून उठून मध्येच उभी होते, नेमकी टोपलीजवळ. तिने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. आमचं नाक सारखं आहे, ते कुणालाही दिसतं.

"ही तुझी आई का ग?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आम्ही फुलं घ्यायला आलोय."

आई माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिने मान वर केली नाही. दाभण झेंडूतून आरपार गेलं, दुसरं फूल आलं, तेही ओवलं गेलं. रस्त्यावर एवढा कल्ला होता की तिला काही ऐकू गेलं नसणार, असं मी तेव्हा मनाशी ठरवलं. पुढे कितीतरी वर्षं मी तेच धरून बसले. त्याच मिनिटाला शेठाणींनी हाक मारली, "ये ग, फ्रॉक छान आहे तुझा, मुलांत उभी राहा." मी धावत पायऱ्या चढले. मैत्रीण रस्त्यात उभी राहून बघत होती आणि मी शेठच्या मुलांमध्ये जाऊन उभी राहिले. फोटोग्राफरने हात वर केला. आई उठली नाही, टोपली भरलेली होती ना. भरल्या टोपलीला उठायचं कारण नव्हतं.

पुढे मी शिकले. एका ऑफिसात कॉम्प्युटरवर पत्रं टाइप करायला लागले. लाजही हळूहळू गेली, कधी ते मात्र सांगता येणार नाही. आई खांबाशीच होती. मेन रोड बदलत होता. एसटीडीचे पिवळे बोर्ड आले आणि गेले, सायकली जाऊन मोटारसायकली आल्या, शिंप्यांच्या जागी रेडिमेड कपडे आले. मग सिंहस्थ पार पडला आणि त्याच्या पुढच्या वर्षी महापालिकेत फुलवाल्यांना रस्त्यावरून उठवून एका जागी पक्के ओटे द्यायचं ठरलं. ओटा कुणाला मिळणार? जे दहा वर्षांहून जुने आहेत त्यांना. पुरावा आणा, म्हणाले. ओटा नाही मिळाला तर खांबही गेला आणि बाजारही गेला. वडिलांची पाठ तोवर कामातून गेली होती, शेतातलं जेमतेम निघत होतं, आणि खांबाची जागा सोडून दुसरीकडे कुठे बसायचं हे आईला सुचतच नव्हतं. त्या आठवड्यात ती जेवणावरून तशीच उठायची.

रस्त्यावर बसायचे रोजचे पैसे भरल्याच्या पावत्या तिला मिळायच्या, पण त्या कमरेच्या पिशवीत ओल्या फुलांच्या हातांनी कोंबलेल्या असायच्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा लगदा व्हायचा. एकही शिल्लक नव्हती. तेव्हा मला दुकानाचा जिना आठवला.

अर्धी रजा टाकून मी गेले. शेठ थकले होते, मागे गादीवर नुसते बसून होते, गल्ल्यावर त्यांचा मुलगा होता. मी जिन्यात एकेका फ्रेमसमोर उभी राहिले. फोटोच फोटो, तोच रस्ता. एकात शेजारच्या दुकानाचा लाकडी दरवाजा, पुढच्यात तिथे शटर. एकात टांगा, पुढच्यात रिक्षा. खांबावर आधी एक तार, मग पाच, मग तारांचं जाळं. आणि प्रत्येक फोटोत खांबाच्या बुडाशी झाडून स्वच्छ केलेली मोकळी जागा. गोणपाटाचा चौकोन तेवढा फरशीवर जरा उजळ दिसत होता. मला आईचा राग आला. किती नीट उठून गेली होती ही बाई! एखाद्या वर्षी तरी चप्पल विसरायची.

वरून तिसऱ्या पायरीवर तो फोटो होता. पायऱ्यांवर शेठचं कुटुंब, मुलांमध्ये दोन वेण्यांची, निळ्या फ्रॉकची मी, चेहऱ्यावर एवढं मोठं हसू. आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात भरगच्च टोपली. तिच्यामागे आई, मान खाली, हातात अर्धवट हार. नाक स्पष्ट दिसत होतं. तिचा सगळ्यांत वाईट दसरा तेवढा फोटोत आला होता, कारण त्याच वर्षी फुलं खपली नव्हती. मी जिन्यातच खाली बसले. रडले, हेही सांगते. साड्या घ्यायला चाललेल्या दोन बायका मला ओलांडून वर गेल्या.

शेठ म्हणाले, "फ्रेमसकट ने. काच काढायला गेलीस तर फोटो फाटेल. आणि परत आण, बरं का."

दुसऱ्या दिवशी आई आणि मी फ्रेम मांडीवर घेऊन बसने महापालिकेच्या कचेरीत गेलो. टेबलामागचे साहेब माणूस वाईट नव्हते, पण कागदाला कागद लागतो. त्यांनी काच पदराने पुसायला सांगितली, चष्मा वर करून बघितलं.

"बाई तुम्हीच आहात, दिसतंय. पण साल कुठंय?"

मागे साल नव्हतं. दुकान रंगवताना फ्रेमा काढून कशाही परत लावल्या होत्या, त्यामुळे आधीचा कोणता, नंतरचा कोणता, हे शेठनाही सांगता येत नव्हतं. साहेबांनी फ्रेम माझ्याकडे सरकवली. मी काही बोलायच्या आत आईने बोट काचेवर ठेवलं, पायऱ्यांवरच्या निळ्या फ्रॉकवर.

"ही माझी पोरगी, साहेब. सहावीत व्हती तवा. आता बघा केवढी हाय. तिचा शाळेचा दाखला आणलाय."

दाखला तिनेच आठवणीने पिशवीत घातला होता. मला वाटलं होतं, सवयीने सगळेच कागद घेतले असतील.

साहेबांनी दाखल्यावरची जन्मतारीख बघितली, फोटो बघितला, मला बघितलं. "पण ही तर दुकानदाराच्या मुलांत उभी आहे. तुमची आहे तर तुमच्याजवळ का नाही?"

आई हसली. "तवा तिला माझी लाज वाटायची ना. म्हणून तिकडं जाऊन उभी राहिली. बारकी व्हती."

हवापाण्याचं बोलावं तसं ती बोलली. साहेबही हसले आणि माझ्याकडे वळले. "काय हो, ही तुमची आई?"

"हो," मी म्हणाले. "माझी आई आहे."

त्यांनी अर्जावर शिक्का मारला. कडेचा, नळाजवळचा ओटा मिळाला. आईला तो आवडला, फुलांवर पाणी मारायला बरा म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मी आईशेजारी बसले. पंचवटी मागे पडल्यावर विचारलं, "तुला ऐकू गेलं होतं?"

"हातभरावर तर व्हतीस."

"मग तेव्हा का नाही बोललीस? घरी आल्यावर तरी?"

आईने मांडीवरची फ्रेम नीट धरली. काचेला धक्का लागू नये म्हणून तिने पदर मध्ये घातला होता.

"घरी काय बोलायचं? आन् तिथं बोलले असते तर तू खोटी पडली असती ना, तुझ्या मैत्रिणीपुढं."