गाऱ्हाणं उजव्या दिव्याचं

आमच्या गाडीचा मागचा उजवा दिवा बिघडला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद माझ्या धाकट्या भावाला झाला. तो पुण्याला असतो आणि तिथून मालवणातल्या शेळ्या उंटावरून हाकतो. तोंडवलीच्या एका रिसॉर्टवाल्याशी त्याने परस्पर बोलणी केली होती. गाडी त्यांच्या हिरवळीवर कायमची उभी करायची, चाकांखाली विटा, बॉनेट उघडून आत फुलझाडं, आणि पर्यटकांनी तिला टेकून फोटो काढायचे. सोमवारी गाडी पासिंगला ओरोसच्या आरटीओत न्यायची होती. एवढ्या जुन्या गाडीचा एक दिवा जरी नीट नसला तरी साहेब तिला परत पाठवणार, मग पुन्हा पुन्हा खेपा कोण घालणार, असं त्याचं म्हणणं. खेपा मीच घालणार होते, पण ते त्याच्या हिशेबात नव्हतं.

ही गाडी बाबांनी घेतली तेव्हा मी शाळेत होते. तिने आंब्याच्या पेट्या वाहिल्या, बाळंतिणी वाहिल्या, एकदा तर अख्खा बँडबाजा आंबोलीच्या घाटातून वर नेला. बाबा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत आणि चालवतात ती फक्त जीभ. पण भावाचा फोन आला तेव्हा तीही चालली नाही. "दिवो पेटना नसात तर जाव दे," एवढंच ते म्हणाले. मग गाडीत जाऊन बसले आणि डॅशबोर्डचा खण रिकामा करू लागले. ग्रामदेवतेची छोटी तसबीर, काच पुसायचं पिवळं फडकं आणि त्यांनी स्वतः बनवलेला टेस्ट लॅम्प, म्हणजे एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा, दुसरीला खिळा. तिन्ही वस्तू त्यांनी खिडकीत ओळीने मांडून ठेवल्या. खण रिकामा कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं, कारण तो कधी रिकामा नव्हताच. मला रडू आलं. आणि मला रडू आलं की मी भांडायला उठते. भाऊ पुण्यात, म्हणून मी त्या दिव्याशी भांडायचं ठरवलं.

मला गाडीतलं कळतं. उगाच विनय कशाला करू? लहानपणी गाडी बंद पडली की बाबा तिच्यासमोर उभे राहून गाऱ्हाणं घालायचे. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्याने मागणं मांडतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. चांगलं गाऱ्हाणं घालणारा एकही शक्यता मोकळी सोडत नाही. चूक झाली असेल, नजर लागली असेल, कुणाचं वाईटवाकडं असेल, सगळं एकेक करून देवापुढे ठेवतो. बाबांनी ते गाडीला लावलं होतं. वायरीचा त्रास असेल तर दाखव, म्हणायचे आणि वायर तपासायचे. पेट्रोलात पाणी असेल तर दाखव, म्हणायचे आणि नळी काढायचे. मी शेजारी उभी राहून दर वेळी 'व्हय म्हाराजा' म्हणायची. नास्तिक मेकॅनिकलासुद्धा यापेक्षा चांगली पद्धत सुचणार नाही, हे माझं आजही ठाम मत आहे.

रविवारी सकाळी घरासमोरच्या खळ्यात मी गाडी उभी केली. बाबांनी प्लास्टिकची खुर्ची गाडीच्या मागे टाकली. दिव्याची लक्षणं विचित्र होती. नुसता लावला की मिणमिणायचा, ब्रेक दाबला की आणखी मंद व्हायचा, आणि उजवा इंडिकेटर लावला की त्या बाजूचे तिन्ही बल्ब एकदम डोळे मिचकावायचे. डावी बाजू ठणठणीत.

मी बल्ब बदलला. तेच. फ्यूज घासून बसवला. तेच. मग खिडकीतून टेस्ट लॅम्प आणला. चिमटा बंपरला लावला, खिळा दिव्याच्या होल्डरला टेकवला, आणि तो छोटा बल्ब लख्ख पेटला. म्हणजे वायर चांगली, करंट येतोय, बल्ब कोरा, आणि तरीही दिवा पेटायला राजी नाही. मी स्क्रूड्रायव्हर माडाच्या बुंध्यावर फेकला. माडाचा काही संबंध नव्हता.

बाबा खुर्चीतून सगळं बघत होते. आता म्हणाले, "गाऱ्हाणा खंयसून सुरू करतत गो?"

देवापासून, मी तुटकपणे म्हटलं. कुठल्या देवापासून, त्यांनी विचारलं. आणि उत्तरही त्यांनीच दिलं.

"आधी जागेवाल्याक सांगूचा लागता. तेका इसारलंस तर बाकीचे आयकनत नाय."

खरंच आहे ते. कुळदेव, ग्रामदेव सगळे नंतर. पहिलं नाव त्याचं, ज्याच्या मातीवर आपण उभे आहोत. मी बल्बापासून फ्यूजपर्यंत सगळ्यांची नावं घेतली होती आणि माती तेवढी सोडली होती. जुन्या गाडीत दिव्याला वायर एकच जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. गॅरेजवाले त्याला 'अर्थ' म्हणतात, म्हणजे इंग्रजीतली माती. दिवा पत्र्याला नीट टेकला नाही, की आलेला करंट परत जायला शेजारच्या बल्बांच्या घरातून वाट काढतो, म्हणून तिन्ही मिळून डोळे मिचकावतात. टेस्ट लॅम्प पेटला, कारण त्याचा चिमटा मी बंपरला लावला होता. त्याची माती त्याच्याजवळ होती. दिव्याला नव्हती.

आणि ती मीच घालवली होती. महिन्यापूर्वी पासिंगसाठी म्हणून गाडी पिंगुळीच्या रंगाऱ्याकडे दिली होती. खाऱ्या हवेत जन्म काढलेल्या माणसाला उघडं लोखंड बघवत नाही. आम्ही दिसेल त्या गजाला, कडीला, खिळ्याला रंग फासतो. मी त्या रंगाऱ्याच्या डोक्यावर उभी राहून बजावलं होतं, तसूभर पत्रा उघडा दिसता कामा नये. तो प्रामाणिक निघाला. दिवे काढून त्याने त्यांच्याखालीही दोन हात मारले. डाव्या बाजूचा स्क्रू रंग सोलत आत गेला म्हणून ती बाजू वाचली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

दिवा काढला, पॉलिश पेपर घेतला आणि त्या नव्याकोऱ्या रंगावर घासायला सुरुवात केली. जिवावर आलं. पण रुपयाएवढा पत्रा खाली चकाकला तेव्हा बरं वाटलं. दिवा परत आवळून बसवला, वरून गंज धरू नये म्हणून व्हॅसलीन चोपडलं आणि ब्रेक दाबला. समोरच्या आरशात बघितलं तर बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल उजेड पडला होता. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. ते म्हणाले, "थंय पेटाक व्हयो," म्हणजे ओरोसला, आणि खुर्ची उचलून घरात गेले.

सोमवारी इस्त्रीचा सदरा घालून तेही ओरोसला आले. मी त्यांना गाडीतच बसा म्हटलं होतं, पण ऐकतील तर बाबा कसले. उतरून थेट साहेबांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. साहेब तरुण होते, शुद्ध मराठीत एकेक सूचना देत होते. डावा इंडिकेटर दाखवा, म्हणाले. मी दाखवला. मागून बाबांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." उजवा दाखवा. "व्हय म्हाराजा." ब्रेक दाबा. माझा पाय पेडलवर आणि जीव त्या रुपयाएवढ्या पत्र्यावर.

"व्हय म्हाराजा," या वेळी दोन आवाज आले. दुसरा साहेबांचा होता.

गाडी पास झाली. भावाला मी तिथूनच फोन केला आणि हिरवळीवर दुसरं काहीतरी ठेवायला सांग म्हटलं. तो बरंच काही बोलला. मी ऐकलं नाही, कारण मी बाबांकडे बघत होते. ते पुढच्या सीटवर बसले होते. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी तसबीर काढली, टेस्ट लॅम्प काढला, पँटच्या खिशातून पिवळं फडकं काढलं. सगळं बरोबर घेऊनच आले होते. एकेक वस्तू खणात ठेवून त्यांनी झाकण लावलं. ते झाकण दोनदा आपटल्याशिवाय बसत नाही. त्यांनी दोनदा आपटलं.