काटोल रोडच्या हौदातली पाणबुडी

आधीच सांगतो — भुतंखेतं, अंगात येणं, नजर लागणं असल्या गप्पा सुरू झाल्या की मी भरल्या ताटावरून उठून जाणारा माणूस आहे. याच वादापायी एका मावशीने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तेव्हा खालचं वाचून कोणी "शेवटी तुम्हालाही पटलं तर" असं म्हणू नये. मला काही पटलेलं नाही. मला फक्त कळलेलं नाही, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

सत्तरच्या दशकाचा शेवट. मी नागपुरात एका इंजिनियरिंग कॉलेजात शिकवत होतो आणि पाणबुडीच्या सुकाणूवर काम करत होतो. नागपुरात पाणबुडी... हसून घ्या, सगळे हसले आहेत. प्रश्न मात्र खरा होता. पाणबुडीच्या शेपटाला उभे आणि आडवे पंख असतात. उभ्यांनी ती डावी-उजवीकडे वळते, आडव्यांनी वर-खाली जाते. पंख मोठे केले तर ती सरळ छान चालते, पण लवकर वळत नाही. लहान केले तर पटकन वळते, पण सरळ राहत नाही. या दोन्हींच्या मधलं माप मला हवं होतं.

त्यासाठी मी सागवानाचं मॉडेल केलं. उभं धरलं तर माझ्या छातीला लागेल एवढं. आत बॅटरी, मोटर, मागे प्रॉपेलर. वायर नाही, रेडिओ नाही. पंख हाताने लावायचे, स्क्रूने आवळायचे आणि बोट पाण्यात सोडून द्यायची. एकदा सोडल्यावर तिला वळवायची कसलीही सोय नव्हती — एवढं कृपया लक्षात ठेवा.

पाण्याची व्यवस्था गावंडेने केली. गावंडे माझ्याच डिपार्टमेंटचा, जिवाभावाचा मित्र. काटोल रोडला त्याच्या काकांचा संत्र्यांचा बगीचा होता आणि त्यात एक दगडी हौद. बॅडमिंटन कोर्टाएवढा, छातीभर पाण्याचा, तळाच्या फरशा दिसाव्यात इतका स्वच्छ. काकांनी बगीचा विकत घेतला त्याच्याही आधीपासूनचा.

पहिल्या दिवशी पंख सरळ आवळून बोट सोडली. पाण्याखालून ती नीट निघाली, अर्ध्यावर गेली आणि डावीकडे वळली. मधे खांब असावा आणि त्याला वळसा घालावा, तशी. मग पुन्हा आपल्या रेषेवर आली आणि समोरच्या भिंतीला टेकली.

पंख तपासले. सरळ. पुन्हा सोडली, पुन्हा वळसा. मग समोरच्या बाजूने सोडली. बोटीत खोट असती तर ती याही वेळी आपल्या डावीकडेच वळली असती. ती उजवीकडे वळली. म्हणजे हौदाच्या त्याच अंगाने, तीच जागा टाळून.

"काही असंल तिथं," गावंडे म्हणाला.

"काय असेल? तळ दिसतोय."

"न दिसणारं असंल."

"गावंडे, तू मेकॅनिकल शिकवतोस."

"शिकवतो गा. पण तुझी बोट वळून राहिली ना."

पाण्याला ओढ असेल म्हणून मी तिथे लाल औषध सोडलं, विहिरीत टाकतात ते. गुलाबी ढग जागचा हलला नाही. प्रॉपेलर बदलला. आतलं वजन मागेपुढे केलं. शेवटी वैतागून उभे पंख काढूनच टाकले. आता ती वाटेल तशी भरकटायला हवी होती. तिने तोच वळसा तितक्याच शिस्तीत घातला... मी टॉवेल जमिनीवर आपटला. काका हे सगळं लांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी आलो तर हौदाच्या काठावर हळद-कुंकू आणि नारळ. माझ्या संशोधनाची ही दशा.

त्यातच नौदलाच्या डिझाइन विभागातले एक कमांडर नागपूरला बहिणीकडे लग्नाला आले. ओळख काढून मी त्यांना बगीच्यात बोलावलं. काम पसंत पडलं तर ते मला तिकडे घेणार होते. ते सकाळी आले, खुर्चीवर बसले. मी पंख पुन्हा बसवून, सरळ आवळून बोट सोडली. वळसा.

"ही तुमची सरळ रेषा?" त्यांनी शांतपणे विचारलं.

माझं डोकं फिरलं. इतके दिवस आम्ही दोघं भिंतीपाशीच उभे राहायचो. मी गावंडेला म्हटलं, "मधे जाऊन उभा राहा. वळायला लागली की हाताने सरळ ढकल."

तो पाण्यात उतरून त्या जागेकडे निघाला. मी बोट सोडली. या वेळी तिने वळसा घातला नाही. ती थेट गावंडेकडे वळली आणि त्याच्या बरगडीत धडकली. त्याने तिला बाजूला लोटलं, पाऊल पुढे टाकलं. ती फिरून आली आणि पुन्हा धडकली. तो एक पाऊल मागे सरला, ती त्याला अजून मागे रेटत राहिली.

"मले मारून राहिली गा ही," तो कळवळला. "काहून मारून राहिली?"

"तू तिच्या वाटेत जातोस म्हणून."

"तूच तर जा म्हटलं ना. आता तुले उतरायचं असंल तर तू उतर."

तो बरगडी चोळत काठावर चढला. मी चिडून शर्टाची बटणं काढायला लागलो.

"थांबा," कमांडर म्हणाले.

त्या जागेवर पाणी दबलं होतं. आधी खळगा, मग भोवरा, आणि मग खालून घरघर ऐकू आली आणि तळाच्या फरशा आत गेल्या. बघता बघता हौद रिकामा झाला. मधे काळं भोक उरलं. काकांनी दोर सोडून पाहिलं. जुनी विहीर होती. कधीतरी कोणी ती वरवर बुजवून तिच्यावर हौद बांधला होता. काकांना पत्ता नव्हता, त्यांना बगीचा विकणाऱ्यालाही नव्हता.

बोट भिंतीपाशी उरलेल्या फरशांवर आडवी पडली होती. मोटर चालूच. मी उतरलो नाही, काठावरून वाकून तिला ओढून घेतली आणि पंख बघितले. सरळ. स्क्रू घट्ट.

काका गावंडेच्या पाठीवरून हात फिरवत होते. कमांडरांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "उद्या दुसऱ्या पाण्यात दाखवा."

दुसऱ्या दिवशी फुटाळा तलावावर तीच बोट, तेच पंख. सुतासारखी सरळ गेली. पंख तिरके आवळून सोडली तेव्हा हवी तितकीच वळली. त्यांनी मला घेतलं. हौदाबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही.

विहिरीकडे पाणी झिरपत असेल, असं लोक मला समजावतात. जणू मला हे सुचलंच नसेल. झिरपणारं पाणी आत ओढतं, बाजूला सारत नाही. आणि तो गुलाबी ढग का हलला नाही? आणि सरळ पंखांची बोट फिरून माणसाच्या बरगडीवर कशी येते? सगळी नोकरी मी पाणबुड्या हुकमात ठेवण्याचीच गणितं केली. ती मांडून या प्रश्नाला कितीदा भिडलो, काही निघालं नाही.

मागच्या वर्षी गावंडेकडे गेलो होतो. नवीन काही सुचलं होतं म्हणून कागद घेऊन बसलो. अर्ध्यावर त्याने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"तुले नाही समजलं तर राहू दे ना गा," तो म्हणाला. "मी जिवंत आहो ना? चाल, जेवून घे."

त्याला त्यात खरंच काही अडत नाही. मला अडतं.