साधी सलाईन

आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई मूळच्या बाभुळगावच्या. समोर सरपंच असो की शाळकरी पोर, त्यांचं बोलणं "हे पाहा बापू"नंच सुरू होतं. घाई त्यांना माहीतच नाही, आणि त्याचा मला रागच यायचा.

त्या दुपारी कापूस वेचताना काकूला साप चावला. बाईंनी तिचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि वीस मिनिटं नळीला कुणाला हात लावू दिला नाही. मग ती कलती केली. रक्त गोठलं होतं, म्हणजे विष भिनल्याची खूण अजून नव्हती.

"मंग इंजेक्शन काहून देऊन नाही राह्यल्या?" काका ओरडले. दारातली गर्दी आत रेटू लागली.

"हे पाहा बापू, त्या औषधानंबी माणूस दगावू शकते. खूण दिसली का लगेच देतो."

सरपंच हळूच म्हणाले, "बाई, साधी सलाईन लावून द्या ना. लोकं घरी जातीन."

"अन् औषध भेटलं समजून हिलेबी घेऊन जातीन. मंग घरी काय करसान?"

खोट्या उपचारांविरुद्ध गावात पत्रकं वाटणारा मी मनातून सरपंचांच्याच बाजूचा झालो होतो.

बाईंनी काकांना खाटेशी स्टुलावर बसवलं. "पापणी जड झाली, हिरडीतून रक्त आलं, का मले हाक मारा. तुमच्याइतकं हिच्याकडं कोण पाहीन?"

काका काकूच्या तोंडाकडं पाहत बसले. तासाभरानं त्यांनीच हाक मारली, "बाई, रक्त!"

बाई औषध घेऊन दोन पावलांवरच उभ्या होत्या.