काट्यावरचा प्रोफायलर

सांगू का नको, सांगू का नको करत मी दोन हंगाम काढलेत. पण आता तुम्ही चहा पाजताय, वर भजी मागवलीत, तर ऐका बापडे! हसायचं तेवढं हसा, फक्त आमच्या सासुरवाडीत बोलू नका. तिथं सगळ्यांना माहीत आहे, पण मी ते विसरलोय असा त्यांचा समज आहे. तेवढा राहू द्या.

मी राहायला शिरूरला. सासुरवाडी दौंड तालुक्यात, कासुर्डीच्या पलीकडं. आणि तिकडच्याच एका साखर कारखान्यात (नाव विचारू नका, मला अजून तिथं जायचं असतं) वजनकाट्याचं सॉफ्टवेअर माझं आहे. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की माझा प्रोग्राम वजन घेतो, पावती काढतो, ट्रॅक्टर पुढं जातो. एवढंच.

पण त्या हंगामात ट्रॅक्टर पुढं जाईनात! लाईन गेटाबाहेर गेली, मग ओढ्यावर गेली, मग हायवेला लागली. शेवटच्या ड्रायव्हरची लाईनीतच दाढी वाढायची आणि काट्यावर येईपर्यंत क्लार्क त्याला ओळखायचा नाही. ऊस वाळतोय, ड्रायव्हर शिव्या देतायत, आणि शिव्या कुणाला? कॉम्प्युटरला. म्हणजे मला.

एका सोमवारी चेअरमनसाहेबांनी बोलावून घेतलं. शेजारच्या खुर्चीत आमचे मामा, म्हणजे माझे सासरे. हे काम मला त्यांच्याच शब्दावर मिळालेलं, आणि त्यांच्या स्वतःच्या दोन ट्रॉल्या लाईनीत उभ्या.

"पाव्हणं," चेअरमनसाहेब म्हणाले, "तुमचा कॉम्प्युटर वजन घेतोय का नवस फेडतोय? रविवारपर्यंत लाईन हलली न्हाई तर सोमवारपास्नं काम पुण्याच्या कंपनीला."

"हलंल साहेब," मामा म्हणाले. "माझी खात्री हाय."

बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "जावईबापू, आजवर मी चारचौघांत दोनदाच खात्री दिली. पहिली एका खोंडाची. त्यो तिसऱ्या दिवशी शेतात बसला, त्यो उठलाच न्हाई. लोकं अजून इचारत्यात. आता तुम्ही काय करताय बघा."

काम तर काम, वर खोंडाशी बरोबरी! मी काय करणार?

माझ्याकडं एक हत्यार होतं. प्रोफायलर. घाबरू नका, सोपं आहे. ऊसतोडीच्या टोळीवर मुकादम उभा असतो ना, कोण तोडतंय, कोण मोळी बांधतंय, कोण बांधावर तंबाखू मळतंय ते बघत? तसा हा प्रोग्रामवर नजर ठेवणारा प्रोग्राम. क्षणाक्षणाला डोकावतो आणि शेवटी रंगीत पट्ट्यांची यादी देतो, की बाबा, तुझा एवढा टक्के वेळ अमुक ठिकाणी गेला. सगळं माऊसनं, खिडकीत. छान!

पण काट्यावरचे क्लार्क सुदामआप्पा. निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. त्यांच्या पडद्यावर प्रोफायलरची खिडकी उघडली तर ते खुर्ची सोडून उभेच राहिले.

"हे काय उपटलं मधीच? माझं वजन कुठं गेलं?"

"आप्पा, ह्याच्या मागं आहे. ही खिडकी जरा बाजूला सारायची."

"आन् मी सारताना आकडा हलला तर? न्हाई बाबा. खिडक्या-दारं तुमच्या घरी उघडा."

आता आली का पंचाईत! खिडकी न उघडता प्रोफायलर चालवायचा कसा? तर त्याचीही सोय असते. कॉम्प्युटरमध्ये नुसते लिहून हुकूम सोडायचा एक काळा पडदा असतो, त्याच्यावर एका ओळीत प्रोफायलरचं नाव लिहायचं आणि पुढं ऑप्शन जोडायचे. कुठल्या प्रोग्रामला चिकटायचं, त्याचा नंबर. किती सेकंद बघायचं. यादी कुठल्या फाईलमध्ये ठेवायची. आणि शेवटचा ऑप्शन म्हणजे तोंड बंद ठेवायचं: खिडकी नाही, प्रश्न नाही, तक्रार नाही. मला तर तो ऑप्शन इतका आवडला की घरात लावता आला तर काय बहार, असं मी हिच्यासमोर बोलूनही गेलो. ते जाऊ द्या.

मी माझ्या प्रोग्रामचा नंबर बघितला. चार हजार तीनशे बारा. ओळ लिहिली, तिचं एक चित्र आप्पांच्या पडद्यावर ठेवलं आणि सांगितलं, "आप्पा, रोज सकाळी गर्दी झाली की ह्याच्यावर दोनदा टिचकी मारायची. बाकी काही नाही."

"काय उघडणार न्हाई ना?"

"काही नाही उघडणार."

"मंग मारतो."

आणि मी ऐटीत चौफुल्यावरून शिरूरला परत.

आता माझा शहाणपणा ऐका. आमच्याकडं ट्रॅक्टरचा नंबर एकदा पडला की भंगारात जाईपर्यंत तोच. नंबर म्हटलं की माझ्या डोक्यात ती पाटी! कॉम्प्युटरमध्ये मात्र चालू प्रोग्रामला नंबर मिळतो तो कारखान्याच्या गेटवरच्या टोकनासारखा. आज तुझा, उद्या दुसऱ्याचा. आप्पा रोज सकाळी आल्या आल्या मशीन बंद करून चालू करायचे, आणि तसं केलं की टोकनं नव्यानं वाटली जातात. हे मला माहीत नव्हतं का? होतं हो! पंधरा वर्षं हाच धंदा करतोय. पण त्या खोंडाचा विषय निघाल्यापासून माझं डोकं ताळ्यावर नव्हतं.

मंगळवारची फाईल शिरूरला बसून इंटरनेटवरून उघडली, तर रिकामी. बुधवारचीही रिकामी. त्या नंबरचा कुणी भेटलाच नसेल, प्रोफायलर ओरडलाही असेल, पण तोंड मीच बांधलेलं! मला वाटलं, आप्पांची टिचकी हलकी पडली. गुरुवारी दुपारी मात्र फाईल आली ती अशी, डब्बल ट्रॉलीसारखी भरलेली. उघडली. पट्ट्या लालेलाल. आणि नव्वद टक्क्यांहून जास्त वेळ कशात? चित्रं रंगवण्यात!

मी टेबलावर मूठ आपटली. सापडला चोर! कारण माझ्या प्रोग्राममध्ये चित्र एकच. वरच्या कोपऱ्यात, फेटा बांधलेला, चेअरमनसाहेबांचा हसरा फोटो.

यादीच्या माथ्यावर प्रोग्रामचं नाव छापलेलं असतं. ते वाचायचं असतं. मी वाचलं नाही. माणूस आनंदात असला की कधी पाटी वाचतो का?

शुक्रवारी सकाळी मी शिरूरहून बसल्या बसल्या फोटो काढून टाकला.

दहाच्या आत मामांचा फोन.

"जावईबापू, तुम्ही फुटला व्हय?"

"कुठून फुटलो?"

"सायबांचा फोटो उतरवला म्हणं काट्यावरनं! हितं लाईनीत सगळे म्हणत्यात, पाव्हणा विरोधी पॅनेलला मिळाला. मला दोघं जण येऊन हात मिळवून गेले. एकानं पेढा दिला!"

"मामा, तो फोटो वेळ खात होता!"

मामा अगदी हळू आवाजात, "हे वाक्य परत कुणाम्होरं बोलू नका."

पण माझ्या नशिबात तेवढंही नव्हतं. मामा स्पीकरवर बोलत होते. ते वाक्य लाईनीतून ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर पुढं सरकत गेलं. ऊस सरकत नव्हता, हे मात्र सरकलं! ओढ्यापाशी ते "सायेब वेळ खात्यात" झालं. गेटापाशी "सायेब खात्यात." आणि चेअरमनच्या केबिनमध्ये पोचलं तेव्हा काय झालं होतं ते मी चहासोबत सांगू शकत नाही.

आणि लाईन? जागच्या जागी. उलट दोन ट्रॉल्यांनी वाढली.

शनिवारी सकाळी काट्याच्या खोलीत कोर्ट भरलं. चेअरमनसाहेब, मामा, सुदामआप्पा आणि खिडकीच्या गजांना चिकटलेले वीस-पंचवीस ड्रायव्हर. मी मधोमध. एखादं मढं दारात ठेवतात ना, लोक येऊन बघून जातात, तसा.

"दाखवा," चेअरमनसाहेब म्हणाले. "माझा फोटो किती खातोय ते समद्यांना दाखवा."

मी गुरुवारची फाईल उघडली. लाल पट्ट्या झळकल्या. मी घसा साफ केला. "साहेब, ही बघा, चित्रं रंगवण्यात..."

"त्ये वर काय लिव्हलंय?" खिडकीतून एक ड्रायव्हर.

वर लिव्हलेलं होतं. मी वाचलं. पहिल्यांदाच वाचलं. माझ्या प्रोग्रामचं नाव नव्हतंच ते. व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रामचं होतं.

माझ्या पायाखालचा काटा सरकला. गुरुवारी सकाळी चार हजार तीनशे बारा हे टोकन त्याला मिळालं होतं, आणि माझा मुकादम इमानेइतबारे त्याच्यावर नजर ठेवून बसला होता!

"पण हितं व्हिडिओ बघतंय कोण?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना सुदामआप्पांकडं वळल्या. आप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"कुस्त्या, सायेब," आप्पा म्हणाले. "आवाज बंद ठिवून. वजन व्हईस्तवर माणसानं करायचं काय? तेवढ्यात एक डाव बघून व्हतो."

"वजन व्हईस्तवर अख्खा डाव?" चेअरमनसाहेब माझ्याकडं वळले. "पाव्हणं, वजनाला एवढा वेळ लागतोच का?"

प्रश्न लाखाचा होता. मी घाम पुसला आणि काळ्या पडद्यावर नवी ओळ लिहिली. या वेळी नंबर नाही. सरळ माझ्या प्रोग्रामचं नाव दिलं, की बाबा प्रोफायलर, तूच ह्याला चालू कर आणि पहिल्या श्वासापासून ह्याच्याजवळ बस. तोंड बंदचा ऑप्शनही काढला. पाच ट्रॅक्टर काट्यावरून गेले. यादी आली.

सगळ्यात वर एकच लाल पट्टी. जवळजवळ सगळा वेळ एकाच ठिकाणी. त्या ठिकाणी प्रोग्राम काय करत होता माहीत आहे? झोपला होता. नुसता झोपला होता! पडद्यावर 'वजन तपासत आहे, कृपया थांबा' असं लिहून, पंचेचाळीस सेकंद, दर ट्रॅक्टरला.

"हे कुणी लिव्हलंय?" चेअरमनसाहेब.

मी आजूबाजूला बघितलं. दुसरं कुणीच नव्हतं हो!

मग मला आठवलं. सहा वर्षांपूर्वी काटा सुरू केला तेव्हा वजन एका क्षणात यायचं. आणि लोक खवळले होते. "एवढ्यात वजन? नक्की काटा मारतोय!" काटा मारणं म्हणजे वजनात चोरी, आमच्याकडं त्यापेक्षा मोठी शिवी नाही. म्हणून मी गुपचूप दहा सेकंदांची झोप घातली. मशीन विचार करतंय असं वाटावं म्हणून. पुढच्या हंगामात कुणी कुरकुरलं, वीस केली. मग तीस. मग पंचेचाळीस. आणि त्या 'तपासत आहे'वर लोकांचा इतका विश्वास बसला, इतका बसला, की माझाही बसला! जन्मभर दुसऱ्यांना थापा मारल्या, पण माझ्या थापेला फसलेलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मीच निघालो.

"काढा ती झोप," चेअरमनसाहेब म्हणाले. "आत्ता. माझ्यादेखत."

काढली. फोटोही परत लावला, आधीपेक्षा मोठा.

आणि लाईन हलली! ट्रॅक्टर चढतोय, खट् आकडा, पावती, पुढं. खट्, पावती, पुढं. आप्पांना टोपी नीट करायला फुरसत मिळेना. चेअरमनसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. वाचलो! आठवा ट्रॅक्टर चढला. स्टिअरिंगवर ड्रायव्हर, शेजारी मडगार्डवर स्वतः मामा. आमच्या मामांची ट्रॉली! मी दारात जाऊन उभा राहिलो, कौतुक ऐकायला.

खट्. आकडा. पावती.

मामांनी पावती बघितली. आकड्याकडं बघितलं. परत पावती बघितली.

"झालं?"

"झालं, मामा!"

"एवढ्यात?" मामांनी हात लांबवून ट्रॅक्टरची चावीच काढून घेतली. "काटा मारला!"

"अहो मामा, मी आहे ना! तुमचा जावई! मी मारीन का काटा?"

"तुम्ही हाय म्हणूनच म्हणतोय!" मामा ओरडले. "तुम्हाला मी वळखतो!"

मागं आरोळी उठली. आधीचे सात जण पावत्या नाचवत परत आले. काटा बंद. मोजून दहा मिनिटांत चेअरमनसाहेबांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "घाला ती झोप परत. आन् जरा वाढवून घाला."

मामांच्या ट्रॉलीचं परत वजन झालं. अख्खं मिनिट. किलोचाही फरक नाही. मामा म्हणाले, "हां. आता पटलं."

सोमवारी पुण्याची कंपनी ठरल्याप्रमाणं आली. चकचकीत मशीन, दोन सेकंदांत वजन. जेवणाच्या सुट्टीच्या आत लोकांनी त्यांना गाडीत बसवून दिलं.

काम माझ्याकडंच राहिलं. एवढंच नाही, हंगाम संपल्यावर सभेत माझा सत्कार झाला. चेअरमनसाहेबांनी माईक हातात घेतला आणि भरल्या मांडवात म्हणाले, "ह्यो आपला पाव्हणा. अख्ख्या जिल्ह्यात हुडकलं, पण ह्याच्याएवढं हळू काम दुसऱ्या कुणालाच जमंना!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मामा उभे राहून वाजवत होते. आणि मी? वाकून नमस्कार केला हो. शाल अंगावर पडली होती, करतो काय?