रबराचं दुसरं टोक

अमेरिकेत प्लेनोतल्या आमच्या घरी नात शाळेच्या स्पर्धेसाठी पिसासारखं हलकं विमान बनवत होती. ते रबराच्या पिळावर उडतं. ती रबर ताणून पीळ भरायची आणि दुसरं टोक मी धरायची. विमान हवेत असताना मी फोडणीसुद्धा द्यायची नाही, कारण शेगडीवरचा पंखा लावला की ते भरकटायचं.

स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या जिममध्ये मी पदराला हात पुसून पुढे झाले. नात हळूच म्हणाली, "आजी, नो! इथे फक्त टीम."

टीम म्हणजे ती आणि तिची मैत्रीण. ही मैत्रीण आमच्याकडे रबर धरायला एकदाही आली नव्हती. आता ते टोक तिच्या हातात होतं. तिने ते किती सैल धरलंय, हे मला बाकावरूनही दिसत होतं. सुटावं, असं मला वाटलं. सुटलं नाही. विमान छताखाली संथ घिरट्या घालत राहिलं. ते उतरल्यावर नातीने मैत्रिणीला घट्ट मिठी मारली.

"आई, आज बाहेरच जेवू या," मुलगा म्हणाला. "तिच्या मैत्रिणीलाही नेऊ."

"घरी भात लावून आलेय मी," मी म्हटलं.

भात लावलाच नव्हता.