अण्णांच्या टेम्पोचा गंज

मला माझ्या धाकट्या भावाचा हेवा वाटतो. साठी ओलांडली, नातवंडं झाली, तरी वाटतो. कारण ऐकाल तर हसाल. लहानपणी आमच्या वडिलांच्या टेम्पोत तो पुढे बसायचा आणि मी मागे.

अण्णा फुलंब्रीहून शहरातल्या मंडईत भाजी आणायचे. शाळेला सुट्टी लागली की आम्ही दोघं त्यांच्याबरोबर निघायचो. भाऊ केबिनमध्ये, अण्णांच्या शेजारी. मी मागे हौद्यात, मेथीच्या जुड्या आणि कोबीच्या पोत्यांबरोबर. तो लहान आहे, मागून पडेल, असं अण्णा म्हणायचे. पुढे तो माझ्यापेक्षा उंच झाला, त्याला मिसरूड फुटलं, पण लहानपण काही संपेना. केबिनच्या मागच्या बाजूला जाळीची एक छोटी खिडकी होती. तिच्यातून मला दोघांची डोकी दिसायची. अण्णा काहीतरी सांगायचे आणि हा हसायचा. कधी त्याला हॉर्नही वाजवू द्यायचे. इंजिनाच्या आवाजात मला त्यातलं अक्षर ऐकू यायचं नाही. दोर बांधायच्या कडीला धरून मी आपली माझ्या कोपऱ्यात धुमसत बसायचे.

अण्णा थकल्यावर टेम्पो अर्थातच भावाकडे गेला, आणि नवी गाडी घेताना त्याने तो भंगारात देऊन टाकला. मला विचारलंसुद्धा नाही. त्या टेम्पोचा एक फोटोही आमच्या घरात नाही. अण्णा आता भावाकडेच असतात, फुलंब्रीला. मागे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर म्हणाले, आता सगळं लख्ख दिसतंय, तेवढा आपला टेम्पो बघायचा राहिला. भाऊ हसला. मी हसले नाही. मनात म्हटलं, टेम्पो मी दाखवणार. आणि मग एकदा, फक्त एकदा, भावाच्या देखत अण्णांनी म्हणावं की हे पोरीलाच जमलं.

छोट्या गाड्या करायचा नाद मला निवृत्तीनंतर लागला होता. त्याआधी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी रंगाची तपासणी करायचे. कुठे गंजाचा ठिपका दिसला की माल परत. आमचे हे चिडवतात, जन्मभर गंज हुडकून काढलास, आता घरात बसून लावतेस. लावते खरी. आणि चांगला लावते.

टेम्पो वीतभर लांबीचा केला. प्लॅस्टिकचे पातळ पत्रे कापून सांगाडा, चाकं खेळण्यातल्या ट्रकची. गंज चढवायची रीत सोपी आहे, हाताला सवय हवी. आधी सगळ्या गाडीला गंजाचा तपकिरी रंग द्यायचा. तो वाळला की केसांना मारतात तो स्प्रे. त्यावर गाडीचा खरा रंग, आमचा निळा. मग ओल्या ब्रशने हळूच घासायचं. पाण्याने स्प्रे सुटतो, निळ्याचे पोपडे निघतात आणि खालचा तपकिरी दिसू लागतो. पोपडे मोठे हवे असतील तर निळा देण्याआधी मिठाचे खडे चिकटवायचे आणि नंतर खरवडून काढायचे. वरून गेरूची पूड फुंकली की आमच्या रस्त्याची धूळ तयार.

पहिल्यांदा मी मोबाईलवरच्या परदेशी माणसाचं बघून गंज लावला, आणि फसले. त्याने सगळा गंज खालून चढवला होता, चाकांच्या वरच्या कमानीत. त्यांच्याकडे म्हणे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडी खालून खातं. आमच्या रस्त्यावर कुठलं बर्फ! आमचा टेम्पो वरून सडला. भाजी ताजी राहावी म्हणून अण्णा तिच्यावर सारखं पाणी मारायचे. ते हौद्याच्या तळात साचायचं आणि फाळक्याच्या फटीतून ओघळायचं. पुढे बंपरच्या डाव्या टोकावर ते दर दसऱ्याला नारळ फोडायचे. तिथला रंग आधी टवक्यांनी गेला, मग नारळाच्या पाण्याने पत्रा खाल्ला. मी गाडी पुन्हा तपकिरी केली आणि सगळा गंज आठवून आठवून लावला.

हौद्यातला माझा कोपरा मात्र मी गंजवला नाही. ज्या पत्र्यावर रोज कुणी बसतं, सरकतं, पाठ टेकवतं, त्याला गंज धरत नाही. माझ्या परकराने तो भाग आरशासारखा झाला होता. तेवढ्या जागी मी शिसपेन्सिलीची पूड बोटाने घासून घासून पोलादी चमक आणली. एवढी मन लावून मी दुसरी कुठलीच जागा केली नाही.

अडलं ते केबिनपाशी. आत काय होतं, मला माहीतच नव्हतं. झक मारत भावाला फोन केला. तो बोलायला लागला तो थांबेचना. खिडकीच्या काठावर अण्णांचं कोपर टेकायचं, तिथला रंग गेलेला. गिअरच्या दांड्याची मूठ फुटली होती म्हणून तिच्यावर सुतळी गुंडाळलेली. तंबाखूची डबी ठेवून ठेवून समोरच्या पत्र्यावर गोल डाग पडलेला. मी लिहून घेत होते आणि आतून जळत होते. एवढं सगळं याच्या वाट्याला आलं होतं, आणि याने ते किलोवर विकलं होतं.

दसऱ्याला फुलंब्रीला गेले. अंगणात भावाच्या गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या. अण्णा ओट्यावर बसले होते. मी डबा उघडला आणि टेम्पो त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून फिरवून फिरवून पाहिला. मग बंपरच्या डाव्या टोकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, नारळ. फाळक्याखालच्या ओघळांवरून नख फिरवलं, केबिनमध्ये वाकून पाहिलं, सुतळी बघून हसले. माझी छाती फुगली होती. भाऊ मागे उभा राहून बघत होता आणि मला फार बरं वाटत होतं. मग अण्णांचं बोट हौद्यातल्या कोपऱ्यावर आलं आणि थांबलं.

"हितं राहिलं की बाई तुझं," ते म्हणाले. "एवढ्याच जागंला गंज लावायचा राहिला."

सगळा टेम्पो ओळखला त्यांनी, फक्त मी कुठे बसायचे ते ओळखलं नाही.

"राहिला नाय, अण्णा," भाऊ मागून म्हणाला. "तिथं अक्का बसायची. रोज बसून पत्रा गुळगुळीत झाला व्हता. मी खिडकीतून बघायचो की."

म्हणजे हेही त्यालाच माहीत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"व्हय?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "मला कसं दिसणार, बाई. माझं ध्यान रस्त्याकडं."

जेवताना मी कुणाशी धड बोलले नाही. निघताना टेम्पो परत घेऊन जावा असं फार वाटलं. पण अण्णांनी तो मांडीवरून खाली ठेवलाच नव्हता. तसाच सोडून आले. आता तो माझ्या भावाच्या घरात राहणार, त्याच्या टीव्हीशेजारी, आणि येणारेजाणारे त्याचंच कौतुक करणार, हे बसमध्ये बसल्या बसल्या मला सगळं दिसत होतं.

दिवाळीत भावाचा फोन आला.

"अक्का, तुझ्या गाडीची पार वाट लागली," तो म्हणाला. "अण्णा सकाळी उठले की ती घिऊन ओट्यावर बसत्यात आन् तुझ्या त्या कोपऱ्यावर अंगठा घासत राहत्यात. आजूबाजूचा निळा रंगबी निघाला. मी रोज बघतो, पण त्यांना काय बोलावं? येऊन नीट करून देतीस का?"

मी म्हटलं, टेम्पोला हात लावू नकोस, आहे तसा राहू दे. फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. अण्णा रोज सकाळी माझा कोपरा घासत बसतात. आणि ते बघायला रोज त्यांच्या शेजारी कोण असतं? तोच.